नुसत्या रेघा! नसरीन मोहमदी आणि एका जुन्या ड्राफ्ट्समनची पंचाईत

जुना_ड्राफ्ट्समन

नमस्कार मंडळी. मागे इथे अमूर्त चित्रांवरून जी हाणामारी झाली (मी लांबून वाचत होतो, मधे पडलो नाही) त्यात गायतोंडे आले, रझा आले, पार हॉलंडचा मोंद्रियान आला, पण एवढ्या प्रतिसादांत नसरीन मोहमदी या चित्रकार बाईंचं नाव एकदाही आलं नाही, म्हणून हा धागा. चित्रकलेतलं माझं शिक्षण शून्य. मी 1976 पासून एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन, म्हणजे इमारतींची ड्रॉइंग काढणारा होतो, कॉम्प्युटर यायच्या आधी जवळजवळ वीस वर्षं बोर्डावर वाकून रेघा मारल्या, बीम, कॉलम, स्लॅबचं स्टील. तेव्हा हे एका रेघ मारणाऱ्याने दुसऱ्या रेघ मारणाऱ्याबद्दल लिहिलेलं समजा, रसग्रहण वगैरे अपेक्षा ठेवू नका.

2013 ची गोष्ट. भाचीच्या लग्नाला दिल्लीला गेलेलो, एक दिवस मोकळा मिळाला तर बायको आणि मेहुणी साकेतच्या मॉलमधे खरेदीला आणि मी पिशव्या सांभाळायला. त्या मॉलमधेच किरण नाडर हे कलेचं म्युझियम आहे हे मला ठाऊक नव्हतं. आत गार असेल, टेकायला मिळेल एवढ्या शुद्ध हेतूने शिरलो. आत या बाईंचं मोठं प्रदर्शन लागलेलं. पहिल्या काही चित्रांपुढून हात मागे बांधून, मान हलवत, आपण नेहमी करतो तसा पुढे गेलो. आणि मग एका कागदासमोर पाय थांबले.

कागद साधारण आपल्या ए-टू शीटच्या आसपासचा. पेन्सिल आणि काळी शाई. आडव्या रेघा, वरपासून खालपर्यंत, कुठे एकमेकींना खेटून तर कुठे हळूहळू सुटत गेलेल्या, आणि त्यांच्यावरून तिरप्या रेघांचा एक पट्टा असा गेलेला की कागद मधेच दुमडलाय असं वाटावं. एवढंच. चित्र काय आहे हे बघायच्या आधी मी सवयीने रेघेची टोकं बघायला लागलो. कारण ड्राफ्ट्समनची चोरी टोकाला पकडली जाते. पेन टेकवताना आणि उचलताना जो निमिष असतो तिथे शाई जास्त उतरते, बारीकसा ठिपका होतो, आमचे हेड ड्राफ्ट्समन त्याला "शेंगदाणा" म्हणायचे. इथे शेंगदाणा नाही. ब्लेडने खरवडल्याची खूण नाही. नाक काचेला लागेल इतका पुढे गेलो तेव्हा गार्डने हटकलं.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडा.

शाईने रेघ मारणं म्हणजे पेन्सिलीसारखं नाही. टेक्निकल पेन कागदाला जवळपास काटकोनात धरावं लागतं, कलतं धरलं तर रेघ एका कडेने फाटते. वेग सारखा ठेवायचा, हात रेंगाळला की रेघ जाड होते. सेटस्क्वेअरची कड कागदाला पूर्ण टेकलेली असेल तर शाई ओढली जाते कडेखाली, आणि सेटस्क्वेअर उचललात की दोन तासांच्या कामावर काळा ओघळ. त्यावर उपाय म्हणून आम्ही सेटस्क्वेअरच्या पोटाला टेपने नाणी चिकटवायचो, कड अधांतरी राहते. मुंबईच्या पावसाळ्यात मनगटाचा घाम ट्रेसिंगवर उतरायचा म्हणून हाताखाली रुमाल. आणि सगळ्यात अवघड काय तर समांतर रेघा, हॅचिंग. एक रेघ चुकली तर खपते, पण पन्नास समांतर रेघांत एक अर्ध्या मिलीमीटरने सरकली तर काही न कळणाऱ्या माणसाची नजरसुद्धा बरोबर तिथेच जाऊन अडकते. डोळा या बाबतीत फार दुष्ट आहे.

आणि या बाईंनी सगळं आयुष्य तेच केलं. आर्किटेक्ट लोक वापरतात तीच साधनं घेऊन, बसक्या टेबलावर वाकून. फक्त त्यांच्या रेघेला भिंत दाखवायची नव्हती, सळई दाखवायची नव्हती. मी तिथे उभा राहून दहा मिनिटं "हा कशाचा प्लॅन असेल" हेच शोधत होतो. शेवटी खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं, टायटल ब्लॉक असतो तिथे. आमच्याकडे टायटल ब्लॉकशिवाय शीट म्हणजे रद्दी. नाव, तारीख, स्केल, कोणी काढलं, कोणी तपासलं, कितवी रिव्हिजन. इथे कोपरा कोरा. बाजूच्या पट्टीवर लिहिलेलं "शीर्षक नाही". पुढचं बघितलं, शीर्षक नाही. त्याच्या पुढचं, शीर्षक नाही. बहुतेकांवर तारीखही नाही! म्हणजे आज जाणकार लोक कुठलं काम कधीचं हे सांगतात ते मुख्यतः रेघांच्या चालीवरून. माझी ही पंचाईत आजतागायत पूर्ण सुटलेली नाही, पण तेव्हापासून मिळेल ते वाचत आलोय, ते आता सांगतो.

जन्म 1937, कराची. घरचं बरं होतं. आई त्या अगदी लहान असताना गेली. 1944 ला कुटुंब मुंबईत आलं. वडिलांचं बहारीनमधे फोटोग्राफीच्या सामानाचं दुकान होतं, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. 1954 ते 57 लंडनला सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्ट. मग काही काळ बहारीनला घरच्यांबरोबर. 1961 ते 63 पॅरिस, फ्रेंच सरकारची स्कॉलरशिप. आणि मुंबईत भुलाभाई इन्स्टिट्यूट. त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन तिथल्याच गॅलरी 59 मधे झालं. 1970 च्या सुमारास दिल्ली, आणि 1972 पासून बडोदा, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्समधे शिक्षिका. पुढचं आयुष्य तिथेच. 1990 ला गेल्या, वय फक्त 53.

कामाचा प्रवास म्हणाल तर सुरुवातीला तैलरंग, जलरंग, कोलाज, झाडाफांद्यांचा भास होईल अशी धूसर चित्रं. गायतोंड्यांची सावली त्यात दिसते असं म्हणतात आणि मला तरी ते पटतं. सत्तरच्या दशकात रंग गळाला, ब्रश गळाला, राहिली चौकटींची जाळी, ग्रिड, पेन्सिल आणि शाईची. मग ग्रिडसुद्धा सुटत गेलं. ऐंशीच्या दशकात पांढऱ्या कागदावर नुसत्या तिरप्या रेघा, त्रिकोण, एखादं वर्तुळ नाहीतर कमान, हवेत तरंगल्यासारखी. माणसं वय वाढेल तसा संसार वाढवतात, या बाई एकेक भांडं बाहेर काढत गेल्या.

आणि आता ती गोष्ट जी प्रत्येक लेखात असते. त्यांना मज्जासंस्थेचा आजार होता. हळूहळू हालचालींवरचा ताबा जात होता. आणि त्याच वर्षांत त्या या केसाएवढ्या रेघा मारत होत्या. हे वाचल्यावर मी ऑफिसातल्या आमच्या एका सिनियरची आठवण काढत बसलो, त्याचा हात साठीला कापायला लागला तर तो म्हणायचा "रेघ हाताने मारतच नाहीत रे, श्वासाने मारतात", तेव्हा आम्ही हसायचो. असो.

माझा राग एका गोष्टीवर आहे. लेख लिहिणारे आजार, एकटेपणा, पांढरं रिकामं घर एवढंच घेऊन बाईंची साध्वी करून टाकतात. डोळ्यांत पाणी, आणि रेघेकडे कोणी बघतच नाही. अरे, आजार नसता तरी ती रेघ तेवढीच अवघड होती! निरोगी हाताच्या आम्हा सात जणांच्या ऑफिसात तशी रेघ मारणारा एकही नव्हता, मी धरून.

लांबलं. तुम्ही कोणी बघितलंय का त्यांचं काम? लिहा.

सांजवारा

काका, किती छान लिहिलंत! टायटल ब्लॉकचं तर फारच. मी मूळ चित्रं बघितली नाहीत, छापील कॅटलॉग बघितलाय एका मैत्रिणीकडे, आणि खरं सांगते, छपाईत त्या रेघा अर्ध्या मरतात. फिकट पेन्सिलीच्या रेघा छापल्यावर गायबच होतात, फक्त शाईवाल्या उरतात.

भुलाभाईबद्दल थोडी भर घालते कारण ती जागा फार भारी होती आणि नवीन लोकांना माहीत नसेल. वॉर्डन रोडला समुद्राकाठी भुलाभाई देसाईंचा बंगला, तिथे चित्रकारांना काम करायला जागा मिळायची. गायतोंडे, हुसेन, तय्यब मेहता सगळे तिथे येऊन-जाऊन. तिथेच दिग्दर्शक अल्काझींची नाटकं, आणि रविशंकरांची किन्नर ही संगीतशाळाही तिथेच. म्हणजे एका बाजूला रियाज चाललाय, एका बाजूला तालीम, आणि खोलीत कोणी कॅनव्हासपुढे तासन् तास गप्प बसलंय. नसरीन तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरची. गायतोंडे त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठे, 1924 चे. शिष्य-गुरू असं म्हणणार नाही मी, पण गप्प कसं राहायचं हे त्यांच्याकडे बघून शिकण्यासारखं होतंच.

आणि वडिलांच्या दुकानाचं "पुढे उपयोगी पडेल" म्हणालात आणि विसरलात! फोटोंचं लिहा ना.

खवचट_खंड्या

लेख चांगला आहे काका, मेहनत दिसते, पण माफ करा, मला अजूनही प्रश्न आहे. रेघ मारणं अवघड आहे हे मान्य. तांदळाच्या दाण्यावर गणपती काढणंही अवघड आहे. अवघड म्हणून कला होते का? माझ्या भाच्याला ग्राफ पेपर आणि पट्टी दिली तर तोही बसून काढेल, शाळेला सुट्टी आहे. आणि टायटल नाही तारीख नाही म्हणजे बघणाऱ्याने काय समजायचं ते समजा, आमची जबाबदारी नाही. ही पळवाट नाही का?

जुना_ड्राफ्ट्समन

@सांजवारा ताई, बरोबर पकडलंत. फोटोंचं सविस्तर लिहितो, आधी खंड्याला उत्तर देतो नाहीतर तो मोकाट सुटेल.

खंड्या, तांदळाचा दाणा चांगला मुद्दा आहे. दाण्यावरचा गणपती बघून आपण "बापरे, कसं काढलं असेल" म्हणतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो, कारण गणपती आपल्याला आधीच माहीत असतो. इथे उलटं झालं. "कसं काढलं" हे मला चांगलं माहीत होतं, माझा धंदाच तो, आणि तरी मी पुढे सरकू शकलो नाही. सांगायचा प्रयत्न करतो. आमच्या ड्रॉइंगमधे जवळजवळ मारलेल्या रेघा म्हणजे हॅचिंग, म्हणजे "इथे काँक्रीट कापलंय" एवढी सूचना. त्यांच्या कागदावर रेघा जवळ आल्या की तिथे अंधार होतो, लांब गेल्या की उजेड येतो, आणि मधे कुठेही छटा म्हणून ब्रश फिरवलेला नाही. नुसत्या अंतरातून उजेड! तिरप्या रेघा आल्या की खोली वाटते, पण पर्स्पेक्टिव्हमधे असतो तसा लांब जाऊन मिळायचा बिंदू शोधायला गेलात तर सापडत नाही, मी तिथे हवेत बोट धरून रेघा वाढवून बघितल्या. त्यामुळे डोळा कुठे टेकतच नाही, फिरत राहतो. भाच्याकडून हे झालं तर मला कळव, मी स्वतः येऊन त्याच्या पाया पडेन.

आणि एक पैज. 0.2 मिलीमीटरचं पेन घे, साधा कार्ट्रिज पेपर, एक एक मिलीमीटरवर शंभर आडव्या रेघा, प्रत्येक तीस सेंटीमीटर. ग्राफ पेपर चालणार नाही. कर आणि इथे फोटो टाक.

आता फोटो. नसरीनबाई आयुष्यभर फोटो काढत होत्या. कॅमेरा घरातच होता, दुकानामुळे. पण जिवंतपणी त्यांनी ते कधीही प्रदर्शनात लावले नाहीत, लोकांना कळले ते नंतर. विषय काय तर फत्तेपूर सिक्रीच्या अंगणातली फरसबंदी, चंदिगढच्या इमारती, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, वाळवंट, समुद्राचं पाणी उतरल्यावर वाळूवर राहणाऱ्या रेषा, मागाचे ताणलेले धागे. माणूस जवळजवळ नाहीच. आणि कापलेले असे की मूळ वस्तू कुठली हे ओळखायला वेळ लागतो. लोक म्हणतात हे चित्रांसाठीचे कच्चे आराखडे. मला तसं वाटत नाही, कारण फोटोवरून उतरवलंय असं एकही ड्रॉइंग मला दिसलं नाही. तो त्यांचा डोळा साफ ठेवायचा व्यायाम असावा, जसा गवई सकाळी खर्ज लावतो.

ताणाबाणा

मागाच्या फोटोचा उल्लेख आला म्हणून लिहितेय. मी गेली अठरा वर्षं हातमागावर काम करते, आधी शिकले, आता शिकवते. लोकांना ती ग्रिडची चित्रं बघून कापड आठवतं, "विणल्यासारखी" असं प्रत्येक लेखात असतं. मला नेमकं उलट वाटलं. कापडात बाणा (आडवा धागा) एकदा ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) वरून जातो एकदा खालून, त्यामुळेच कापड धरतं. नसरीनच्या जाळीत वर-खाली काहीच नाही, रेघ रेघेवरून सरळ निघून जाते, अडकत नाही. म्हणून ते कापड नाहीच, ते विणायच्या आधीचं आहे. माग लावून झालाय, ताणा भरून झालाय, दोन दिवस त्यातच गेलेत, आणि अजून एकदाही धोटा (बाणा नेणारा) फेकलेला नाही. त्या वेळेला धाग्यांवर उजेड पडतो ना तो मागावर बसणाऱ्यालाच माहीत. तो फोटो त्या क्षणाचा आहे. विणायला सुरुवात केली की तो उजेड जातो.

बाकी काकांनी घामाचं लिहिलंय ते आमच्याकडेही सेम, पावसाळ्यात ताणा सैल पडतो आणि सगळ्यांची डोकी फिरतात.

सांजवारा

ताणाबाणा, अंगावर काटा आला. "विणायच्या आधीचं". आता मला तो कॅटलॉग परत मागून आणावा लागणार.

बडोद्याचा_पाव्हणा

मी बडोद्याला फाइन आर्ट्सला नव्वदच्या दशकात होतो, म्हणजे नसरीनबेन गेल्यानंतर, त्यामुळे भेट नाही, आठवण सांगत नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या 72 ला जिथे आल्या तिथलं वारं पूर्ण वेगळ्या दिशेला होतं. बडोदा म्हणजे के. जी. सुब्रमण्यन, गुलाममोहम्मद शेख, भूपेन खख्खर हे चित्रकार. माणसं, गल्ल्या, गोष्टी, दुकानाच्या पाट्या, लघुचित्रांतून आणि बाजारातल्या छापील चित्रांतून घेतलेले रंग. 1981 चं "प्लेस फॉर पीपल" प्रदर्शन तर नावातच सांगतंय की चित्रात माणूस परत आणायचाय. आणि त्याच कॅम्पसवर एक बाई चित्रातून माणूस, गोष्ट, रंग सगळं काढून टाकतेय. जेराम पटेल होते तिथे अमूर्तवाले, जळालेल्या लाकडाचं काम करणारे, पण त्यांचं काम म्हणजे आग, आणि हे म्हणजे… काय म्हणावं, राख झाडून झाल्यावरचं अंगण.

कोणी त्यांना त्रास दिला असं नाही हां, मान होता. गीता कपूर यांच्यासारख्या समीक्षकांनी त्यांच्यावर फार आतून लिहिलंय. पण त्या काळी "आपल्या कलेची" जी चर्चा चालायची तिच्यात त्यांना नीट बसवता येत नसे, आणि त्याही बसायला गेल्या नाहीत. बाजार म्हणाल तर नव्हताच, कितीतरी कामं मित्रांना देऊन टाकलेली. आणि काकांनी जे 2013 चं प्रदर्शन बघितलं ते रुबीना करोडे यांनी मांडलेलं, त्या बडोद्यात नसरीनबेनच्याच विद्यार्थिनी. शिक्षिका गेल्यावर तेवीस वर्षांनी विद्यार्थिनीने मॉलमधल्या म्युझियममधे तिच्या रेघा लावल्या आणि एक ड्राफ्ट्समन एसी शोधत आत आला. बरं झालं ना?

खवचट_खंड्या

बडोदेकर, मॉलवालं वाक्य आवडलं, मान्य. पण मला सांगा, हे सगळं परदेशात आधीच झालेलं नव्हतं का? रशियाचा मालेविच 1915 ला काळा चौकोन रंगवून बसला. मोंद्रियानच्या चौकटी. आणि अमेरिकेत ती अ‍ॅग्नेस मार्टिन, ग्रिडवालीच. मग आपल्याकडे साठ वर्षांनी कोणी केलं तर त्यात एवढं काय?

(पैज लक्षात आहे. पेन मागवलंय.)

बडोद्याचा_पाव्हणा

अ‍ॅग्नेस मार्टिनशी तुलना सगळेच करतात, आणि वरवर बघितलं तर चूकही नाही. पण समोर ठेवून बघ. मार्टिनबाई सहा फुटी चौकोनी कॅनव्हास घेतात, त्यावर पेन्सिलीने जाळी, मागे हलका रंग, आणि जाळी जवळजवळ सगळीकडे सारखी, शांत. नसरीनबेन मांडीवर मावेल एवढा कागद घेतात आणि त्यांची जाळी शांत नाहीच. ती कलते, धावते, मधेच दाटते. एकीची बसलेली, एकीची निघालेली. मालेविच, कँडिन्स्की, क्ली हे युरोपातले चित्रकार त्यांना चांगले माहीत होते, कँडिन्स्कीचा उल्लेख तर डायरीतच आहे. लपवाछपवी नाही. पण त्या रेघेत इराण-तुर्कस्तानातल्या इमारती आहेत, आखातातलं वाळवंट आहे, मुंबईचा समुद्र आहे. मालेविचकडे हे कुठून असणार?

आणि परदेशाचंच म्हणत असशील तर ऐक. 2007 ला जर्मनीत डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांचं काम होतं. 2014 ला इंग्लंडच्या टेट लिव्हरपूल म्युझियमने त्यांचं प्रदर्शन लावलं ते त्याच वेळी शेजारी मोंद्रियानचं चालू असताना. 2015 ला माद्रिदचं रेना सोफिया म्युझियम. आणि 2016 च्या मार्चमधे न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने आर्किटेक्ट मार्सेल ब्रॉयरची ती जुनी इमारत आधुनिक कलेसाठी नव्याने उघडली तेव्हा उद्घाटनाला दोन प्रदर्शनं होती, त्यातलं एक पूर्णपणे नसरीनचं. सव्वाशेच्या वर कामं. ज्या बाईंनी कागदावर तारीखही टाकली नाही त्यांना मेटने पहिला पाट दिला.

जुना_ड्राफ्ट्समन

पाव्हणे, सगळं खरं, फक्त "मेटने पाट दिला म्हणून मोठी" असा अर्थ कोणी काढू नये. मी मॉलमधे थांबलो तेव्हा मेट-बिट काही झालेलं नव्हतं. आपल्याकडे गायतोंड्यांचं पण तेच झालं, 2014 ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममधे प्रदर्शन लागलं आणि अचानक सगळ्यांना ते पहिल्यापासून आवडत होते.

डायरीचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. डायऱ्यांची काही पानं त्या प्रदर्शनात होती. लिहिलेलं असायचं आणि मग त्याच पानावर शाईने, रंगाने पट्टे ओढून ओळीच्या ओळी झाकलेल्या. वरवर खाडाखोड. पण पट्टे इतके मापात की पानाचंच ड्रॉइंग झालेलं. मला आमचं रिव्हिजन आठवलं. क्लायंटने भिंत हलवली की आम्ही जुनी भिंत ब्लेडने खरवडायचो, आणि कितीही खरवडा, अमोनिया प्रिंट (ट्रेसिंगवरून काढायची नक्कल) काढली की तिथे भुतासारखा राखाडी डाग यायचाच. कितीतरी घरांत आज लोक राहतात त्यांना माहीत नाही की प्लॅनमधे त्यांच्या सोफ्याच्या जागी एक पुसलेली भिंत आहे.

अलिबागवरून_आलाय

सगळे लिहितायत पण किहीमचा विषय कोणीच काढला नाही म्हणून आमची हजेरी! मोहमदी कुटुंबाचं किहीमला समुद्राकाठी घर होतं आणि नसरीन तिथे पुष्कळ येऊन राहायच्या. वाळूवरच्या रेषांचे फोटो काका म्हणाले ते बघितल्यावर मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे भरती उतरते तेव्हा पाणी एकदम जात नाही, थांबत थांबत जातं, आणि प्रत्येक थांब्याला वाळूवर एक बारीक रेघ सोडतं, काळसर वाळूची. दहा-पंधरा रेघा होतात, समांतर वाटतात पण नसतात, कुठे दोन जवळ येतात, मधे एखादा शंख नाहीतर काटकी असेल तर तिथे सगळ्या किंचित वळसा घेतात. लहानपणी आम्ही त्यावरून धावत जाऊन मोडायचो. कोणी ते असं बघत बसेल हे डोक्यातही नव्हतं.

आणि अजून एक, आमच्या तालुक्याचा अभिमान म्हणून. प्रभाकर बरवे पण नागावचे, 1936 चे, म्हणजे नसरीनपेक्षा एका वर्षाने मोठे. घड्याळ, पान, पिन अशा साध्या वस्तू रिकाम्या जागेत ठेवणारे. दोघांच्या कामात ती रिकामी जागा केवढी मोठी असते बघा. अलिबागच्या पाण्यात काहीतरी आहे, लोक उगाच हसतात आम्हाला.

सांजवारा

अलिबागकर :) आता हसणार नाही.

मला एक विचारायचंय सगळ्यांना. रझांचा बिंदू लोकांना लगेच आवडतो, घराघरांत प्रिंट लागलेली असते. तेही भूमितीच, वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. मग नसरीन का नाही पोचत? फक्त रंग नाही म्हणून?

बडोद्याचा_पाव्हणा

रंग आहेच, पण मला वाटतं नाव जास्त. रझासाहेब "बिंदू" म्हणतात आणि बघणाऱ्याच्या हातात किल्ली देतात. लहानपणी मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बस म्हणून सांगितलं ही त्यांची गोष्टही सगळ्यांना माहीत असते. प्रकृती, पुरुष, कुंडलिनी, देवनागरीत लिहिलेल्या ओळी. आपण आत जातो. नसरीनबेन दार उघडं ठेवतात पण दारावर पाटी नाही, आणि आपल्याला पाटी वाचल्याशिवाय बेल वाजवायची सवय नाही.

ताणाबाणा

मी यात थोडी असहमत. पाटी नाही हे खरं, पण आम्ही आमच्या मुलींना (शिकायला येतात त्या, गावातल्या, कोणी चित्रकला शिकलेली नाही) ती चित्रं मोबाइलवर दाखवली तर एकीनेही "हे काय आहे" विचारलं नाही. एक म्हणाली "हिचा तिसरा धागा सैल आहे", दुसरी म्हणाली "मुद्दाम सोडलाय गं". दहा मिनिटं त्यावरच भांडण. मग ज्यांचे हात असं काम करतात त्यांना कदाचित लवकर पोचत असेल. काका पण मॉलमधे तसेच थांबले ना.

जुना_ड्राफ्ट्समन

"मुद्दाम सोडलाय गं". वा! त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. तो सैल धागा मलाही दिसलेला, आणि मी पहिल्यांदा मनात म्हटलं चुकली बाई. मग बघितलं तर चार रेघा सोडून खाली पुन्हा तेवढंच अंतर, आणि अजून खाली पुन्हा. चूक अशी मोजून तीनदा होत नाही.

खवचट_खंड्या

बरं, ऐका. पेन आलं. भाचा नाही, मी स्वतः बसलो, रविवारी सकाळी, फोन बंद करून. पहिल्या दहा रेघांना मला वाटलं काका उगाच भाव खातायत. पंधराव्याला लक्षात आलं की सगळ्या डावीकडे जवळ आणि उजवीकडे लांब चाललेत. मग सावकाश करायला गेलो तर रेघ जाड व्हायला लागली. विसाव्याच्या पुढे एक गंमत झाली, सांगायला लाज वाटते, मी मोजायचं विसरलो. म्हणजे रेघ मारायची, श्वास सोडायचा, पट्टी सरकवायची, एवढंच चाललेलं, आणि बायको चहा ठेवून गेली ते कळलं नाही. आणि मग एकतिसाव्या रेघेला पट्टीखाली शाई गेली. चांगला रुपयाएवढा काळा डाग, मधोमध.

फोटो टाकत नाही. आता हे सगळं फेकायचं का काही करता येतं?

जुना_ड्राफ्ट्समन

फेकू नकोस. शाई पूर्ण वाळू दे, आज हात लावू नकोस. उद्या नवीन ब्लेड घे, अर्धी मोडून, अगदी आडवी धरून हलक्या हाताने खरवड, एकाच दिशेने. मग जाड खोडरबर फिरव आणि नखाच्या पाठीने कागद घोटून घे, नाहीतर तिथे शाई पुन्हा फुटेल.

आणि पट्टीच्या पोटाला नाणी चिकटव रे बाबा, दोन टोकांना दोन. लेखात लिहिलं होतं.

खवचट_खंड्या

तो पॅरा सोडला होता.